वाचकांचे प्रश्न : बागेतला चीक आणि वाडीचा रस्ता

प्रश्न : दोडामार्ग तालुक्यात आमची रबराची लहानशी बाग आहे. केरळात डांबरात रबर मिसळून रस्ते करतात, असे ऐकले. आमच्या वाडीच्या रस्त्याचे डांबरीकरण व्हायचे आहे. ठेकेदाराच्या बॉयलरमध्ये आमच्याच बागेतला चीक ओतला, तर रस्ता अधिक टिकेल का? – एक बागायतदार

उत्तर : रबराने डांबर सुधारते हे खरे, मात्र ताजा चीक तापलेल्या बॉयलरमध्ये मुळीच ओतू नये. बोलीत ज्याला आपण डांबर म्हणतो, ते खनिज तेलातून निघणारे बिटुमेन उन्हात मऊ पडते आणि त्यावर चाकांच्या चाकोऱ्या उमटतात. त्यात वजनाच्या २ ते ४ टक्के रबर नीट मिसळले, तर रबराचे कण बिटुमेनमधील हलकी तेले शोषून फुगतात, मिश्रण अधिक तापमानापर्यंत घट्ट राहते आणि त्याला ताण सुटताच मागे येण्याचा गुण मिळतो. प्रयोगशाळेत हा गुण पाहण्यासाठी बिटुमेनचा नमुना १० सेंटिमीटर ताणून मधोमध कापतात आणि तासाभराने दोन्ही टोके किती मागे सरली ते मोजतात. साधे बिटुमेन फारसे हलत नाही, रबरमिश्रित मात्र बरेच आखडते.

अडचण आहे ती पाण्याची. ताज्या चिकात कोरडे रबर साधारण एक तृतीयांशच असते. १० टन बिटुमेनसाठी २ टक्क्यांच्या हिशेबाने २०० किलो रबर लागेल, म्हणजे सुमारे ६०० किलो चीक, आणि त्यातले ४०० किलो निव्वळ पाणी. बिटुमेन दीडशे अंशांच्या आसपास तापलेले असते. तेथे पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक असते, आणि दूध उतू जावे तसे उकळते डांबर बॉयलरबाहेर येते. भाजण्याचा हा धोका थट्टेवारी नेण्याजोगा नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगरा फिरवून पाणी वेगळे करणाऱ्या यंत्रात, ६० टक्के रबरापर्यंत दाट केलेला, अमोनिया घालून टिकवलेला चीक वापरला, तरी तो रिकामी जागा राखलेल्या टाकीत, सतत ढवळत, थोडाथोडाच सोडावा लागतो. शिवाय मिश्रण जास्त तापवले किंवा तासन्‌तास तापत ठेवले, तर नैसर्गिक रबराच्या रेणूंची लांब साखळी तुटते आणि खर्च वाया जातो.

थंड पद्धतीच्या इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात बिटुमेनचे बारीक थेंब मिसळून न तापवता वापरायच्या मिश्रणात, हा वाफेचा प्रश्न उरत नाही. पण आपल्याकडे रस्त्याला वापरतात त्या इमल्शनचे थेंब बहुतेक धन विद्युतभाराचे असतात आणि अमोनियाने टिकवलेल्या चिकाचे कण ऋण भाराचे. दोन्ही एकत्र आले की दुधात लिंबू पिळल्यासारखे फाटते. त्यासाठी विशेष प्रक्रिया केलेला चीकच (लॅटेक्स) लागतो.

तेव्हा आपल्या रस्त्यासाठी कारखान्यात तयार झालेले रबरमिश्रित बिटुमेनच मागवावे. भारतीय मानक १५४६२ च्या २००४ च्या आवृत्तीत नैसर्गिक रबराचा प्रकार स्वतंत्रपणे दिलेला होता; २०१९ मध्ये त्या मानकात बदल झाला. टायरच्या चुऱ्याचे मिश्रणही मिळते, पण त्याचा आपल्या बागेशी संबंध नाही. आपला चीक विकण्याबाबत आणि दाट करून घेण्याबाबत कोट्टायम येथे मुख्यालय असलेल्या रबर बोर्डाकडे विचारणा करावी.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. कोकणातल्या रस्त्यावर खड्डे पडतात ते बहुधा पाणी साचून, खडीवरून डांबर सुटल्यामुळे, आणि त्यावर रबर हा उपाय नव्हे. वाडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी गटारे नसतील आणि मधला उंचवटा राखला जात नसेल, तर रबराच्या जादा खर्चाचा आग्रह धरण्याआधी ठेकेदाराकडून ती दोन कामे पदरात पाडून घ्यावीत.