मांडवभर पानं, घड एकही नाही

प्रश्न : टिळकवाडीतल्या आमच्या परसात लोखंडी मांडवावर थॉमसन द्राक्षाचा वेल चढवलाय. तिसरं वर्ष चालू आहे. पानांची सावली झकास पडते, पण घड एकही नाही. काय चुकतंय?
– एक वाचक भगिनी, बेळगाव

उत्तर : ताई, तुम्ही कात्री लावलीच नसणार! माझंही पहिल्या वेलाला हेच झालं. हिरवी फांदी कापायला हात धजेना. आपल्याकडे द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या लागतात. एप्रिलात खरड छाटणी : मांडवावरचे जाड ओलांडे (आडव्या मुख्य फांद्या) तेवढे ठेवायचे, त्यांवरची प्रत्येक काडी बुडाशी एकच डोळा (जिथून फूट निघते तो कोंब) राखून कापायची. वेल बोडका दिसतो, घरचे ओरडतात, ओरडू द्यात. नंतर फुटणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांतच पुढचे घड धरतात, आणि त्याला ऊन लागतं. तुमची ती झकास सावलीच घडांच्या मुळावर आलीय. गर्दीच्या फुटी काढा, दोन काड्यांत चार बोटं अंतर ठेवा.

दुसरी छाटणी ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर. पेन्सिलीएवढी, तपकिरी झालेली काडी निवडा, बोटानं डोळे चाचपा. टपोरे असतील तर सहा-आठ राखून वरचं कापा. हिरवी, लेचीपेची काडी ठेवू नका.

अथणीकडच्या कोरड्या हवेत बागा फुलतात. बेळगावच्या पावसात मात्र केवडा हा बुरशीचा रोग ठरलेलाच. पानावर तेलकट पिवळा डाग दिसला की पान उलटून बघा, खाली पांढरी बुरशी असते. तसली पानं लगेच तोडून जाळा आणि पावसाळ्यात 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं पाणी) फवारा.