आजोबांची दुनळी परत घ्यायचीय, पॉलिसी मोडू का?

या वेळचं पत्र थोडं वेगळं आहे. लिहिणारे ४४ वर्षांचे, मूळ गाव कुडाळ तालुक्यात, नोकरी चिंचवडला, बायको घर सांभाळते, मुलगी आठवीत. वडील ७३, गावी काजू आणि सुपारीची बाग. वडिलांच्या नावावर शेतसंरक्षणाचा परवाना आणि त्यावर तीन बंदुका होत्या: आजोबांची इंग्लिश बनावटीची बारा बोअरची दुनळी, एक देशी एकनळी आणि एक ठासणीची. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला, एका माणसाला दोनच बंदुका, जास्तीची असेल ती वर्षभरात जमा करा नाहीतर काढा. यांनी दुनळी विकली कारण तिलाच पैसे जास्त येणार होते, ७० हजार आले. "बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. पण आता बागेत डुकरं शिरली की रात्री उठून बसतात, त्या खुंटीकडे बघतात आणि म्हणतात ती असती तर एका बारात पळाली असती."

आता ज्यानं घेतली तोच विकतोय, अडीच लाख सांगतोय, यांनी २५ हजार टोकन देऊनही टाकलंय. प्रश्न असा की बँकेतून घेतलेली एक गॅरंटीड पॉलिसी आहे, सरेंडर केली तर तीन लाख येतात, ती मोडून बंदूक घेऊ की पॉलिसीवर लोन काढू? आणि शेवटी एक ओळ, "तसंही साडेपाच वर्षांत किंमत साडेतीन पट झाली, म्हणजे इन्व्हेस्टमेंट म्हणून पण वाईट नाही ना?"

आधी उत्तर सांगतो. पॉलिसी मोडू नका, लोन पण काढू नका, आणि पुढचा हप्तासुद्धा भरू नका. आता कसं ते बघू, कारण तुमचं खरं दुखणं बंदुकीत नाही, त्या पॉलिसीत आहे आणि त्याबद्दल तुम्ही पत्रात जेमतेम दोन ओळी लिहिल्यात.

बंदूक विकल्याचे ७० हजार खात्यात जमा झाले, आठवड्याभरात बँकेतून फोन आला, सर पैसे पडून आहेत, दहा वर्षं एकेक लाख भरा, वीस वर्षांनी गॅरंटीड वीस लाख, दुप्पट. तुम्ही वरचे ३० हजार घालून डिसेंबर २०२० ला पहिला हप्ता भरला. म्हणजे आजोबांची बंदूक विकून तुम्ही नेमकं काय घेतलंत ते एकदा बघा. दहा वर्षं भरलेला पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं तिथे अडकणार आणि दुप्पट होणार. पैसा दुप्पट व्हायला जितकी वर्षं लागतात त्यानं ७२ ला भागलं की साधारण व्याजदर कळतो; ७२ ला साडेपंधरानं भागा, ४.६ टक्के आले. हेच दहा लाख त्याच तारखांना पीपीएफमध्ये टाकले असते तर ७.१ टक्क्यांनी वीस वर्षांनी २९ लाखांच्या वर जातात, आणि २०२० च्या एप्रिलपासून दर तोच आहे, म्हणजे हे माझं स्वप्नरंजन नाही. तुम्हाला 'गॅरंटीड' आणि 'दुप्पट' हे दोन शब्द ऐकवले, किती वर्षांत ते हळू आवाजात सांगितलं. मला या विक्रीचा मनापासून राग येतो, कारण असला कागद घेऊन माझ्यासमोर बसणारी माणसं साधी, नोकरदार, वेळेवर हप्ता भरणारी असतात.

मग मोडूनच टाकू असं वाटेल. थांबा. सहा हप्ते भरून झालेत, सहा लाख, सरेंडर केलं तर तीन. नुकसान व्हायचं ते होऊन गेलंय. पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे हप्ते बंद करून आहे तशी ठेवली, तर २०४० ला दहा ते बारा लाखांच्या आसपास हाती येतील (नक्की आकडा कंपनीकडून लेखी मागा, तोंडी सांगितलेलं धरू नका). कमीत कमी दहा धरले तरी आजचे तीन लाख चौदा वर्षांत दहा लाख, म्हणजे नऊ टक्के पडले, तेही जोखमीशिवाय. आता पुढचे चार हप्ते बघा. पेड-अपचे बारा मिळणार असतील तर चार लाख भरून वरचे आठ मिळणार, सरासरी साडेबारा वर्षांत, म्हणजे पावणेसहा टक्के. पीपीएफपेक्षा कमी. म्हणून मागचं ठेवा, पुढचं थांबवा. सरेंडर करून बंदूक घेतली तर ती तुम्हाला अडीच लाखांना नाही, २०४० च्या दहा लाखांना पडेल. आणि लोन काढलंत तर नऊ-साडेनऊ टक्के व्याज भरायचं अशा वस्तूसाठी जिच्यातून एक रुपया येणार नाही.

आता ते, जे तुम्ही विचारलंच नाहीत आणि वाचताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेलं. घराचं कर्ज ३४ लाख बाकी आहे. कमावणारे तुम्ही एकटे. आणि इन्शुरन्स काय, तर हीच पॉलिसी, कव्हर दहा लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर दहा लाख येतील, बँक ३४ मागेल, आणि मुलगी आठवीत आहे. टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा, नाही. का नाही, तर "आधीच एक लाख इन्शुरन्सला जातात". हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! तो लाख इन्शुरन्सला जातच नाहीये. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, एक कोटीचा साधा टर्म प्लॅन पंचवीस-तीस हजारांच्या आसपास बसेल, त्यावरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकलाय. पेड-अप केल्यावर जो लाख दरवर्षी मोकळा होईल त्यातले ३० इथे आणि ७० पीपीएफला. झालं. मेडिकलमध्ये शुगर-बीपी काही असेल ते लपवू नका, नाहीतर क्लेमच्या वेळी बायकोला फेऱ्या माराव्या लागतील.

आता बंदूक. तुम्हाला वाईट वाटतंय ते मला हसण्यावारी न्यायचं नाही. सिंधुदुर्गात माझंही आजोळ आहे. निवडणूक लागली की आजोबा गोणपाटात गुंडाळून बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायचे, पावती पाकिटात जपून ठेवायचे आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळीच आणायला निघायचे. दस्त्यावर जिथे गाल टेकायचा तिथलं पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. असली वस्तू घरातून गेली की काय वाटतं ते मला कळतं. पण वाईट वाटण्याची किंमत वेगळी आणि इन्व्हेस्टमेंट वेगळी.

साडेतीन पट झाली म्हणता, ती सांगायची किंमत आहे, कुणी दिलेली नाही. तुम्ही विकलीत तेव्हा देशभरात ज्यांच्याकडे तिसरी होती ते सगळे एकाच वर्षात विकायला निघाले होते, डीलर भाव पाडणारच. परदेशी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला जवळपास बंद आहे म्हणून जुन्या इंग्लिश दुनळीला मान आहे, हे खरं. पण ती घेणार कोण? ज्याच्याकडे परवाना आहे, त्यावर जागा आहे आणि वर अडीच लाख मोकळे आहेत तो. अशी माणसं किती? उद्या तुम्हाला विकायची वेळ आली तर परत ७० हजारच ऐकायला मिळतील.

आणि जागेचं काय? बाबांच्या परवान्यावर एकनळी आणि ठासणीची, दोन झाल्या. तिसरी चढतच नाही! तुमचा स्वतःचा परवाना नाही. मग टोकन कशाचं दिलंत? विकणाऱ्यालाही ४५ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, ते त्यानं केलंय का हेही तुम्ही विचारलं नाहीत. आज फोन करून सांगा की परवान्यावर जागा होईपर्यंत व्यवहार नाही, २५ हजारांची पोच व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्या, आणि परवानगी नाही मिळाली तर पैसे परत हे त्यातच लिहा.

खरी चूक २०२० ला झाली ती ही, की वर्षभराची मुदत होती आणि तुम्ही विकण्यापलीकडे दुसरा रस्ताच बघितला नाहीत. परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगली की हयातीतच वारसाच्या नावे करायचा अर्ज देता येतो, २०१६ च्या नियमांत ते आहे. बाबांची पंचवीस वर्षं तेव्हाच झाली होती. ट्रेनिंग, मेडिकल, पोलीस चौकशी हे सगळं होतं, वेळ लागतो, हो म्हणतीलच असंही नाही, पण अर्ज तरी झाला असता. तो आता करा, राहिलेल्या दोनपैकी एकीसाठी. ती तुमच्या नावावर आली की बाबांच्या परवान्यावर जागा मोकळी होते, आणि उद्या बाबांच्या माघारी घाईघाईत उरलेल्याही काढायची वेळ येत नाही. याला खर्च फारसा नाही, हेलपाटे आहेत.

पैसे कुठून आणायचे तेही सांगतो. तुम्हाला दिवाळीला लाख-सव्वा लाख बोनस मिळतो असं लिहिलंय. या वर्षीचा पूर्ण बाजूला ठेवा, लिक्विड फंडात, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येतात अशा म्युच्युअल फंडात. पुढच्या वर्षीपर्यंत अर्जाचं काय ते समजलेलं असेल. विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळणं सोपं नाही, तेव्हा दीड लाखाच्या वर बोलू नका. दिली तर घ्या, हौस म्हणून घ्या, बाबांसाठी घ्या, वहीत इन्व्हेस्टमेंटच्या रकान्यात लिहू नका. नाही दिली तर तो बोनस कर्जात भरा.

पण त्याच्या आधी या आठवड्यात टर्म प्लॅनचा फॉर्म भरा. मेडिकल होऊन पॉलिसीचा कागद हातात आला की मला लिहा, बंदुकीचं त्यानंतर बोलू.