वाय गुणसूत्रावर काम करायचं म्हणतेस तर

ठाणे

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रोजेक्टचा मसुदा वाचला. चांगला आहे. पण वृषण बनवायला लावणाऱ्या, वायवरच्या एसआरवाय जनुकाचा शोध तू तीन ओळींत उरकलास, जणू ते कोणाला वाटेत पडलेलं मिळालं. तो भाग पुन्हा लिही.

वाय असला की वृषण बनतं, एक्स एक असो की दोन, हे १९५९ मध्येच कळलं होतं. प्रश्न होता वायवरचा नेमका तुकडा कोणता. काही पुरुषांची गुणसूत्रं बायकांसारखी एक्सएक्स निघत. वडिलांच्या शुक्रपेशी तयार होताना वायच्या टोकाचा तुकडा एक्सवर जाऊन बसलेला असे. अशा माणसांच्या डीएनएवरून डेव्हिड पेज यांच्या गटाने १९८७ साली झेडएफवाय हे जनुक पुढे आणलं. शोध संपला असंच पुष्कळांना वाटलं. मग १९८९ मध्ये काही एक्सएक्स रुग्ण असे सापडले की त्यांच्यात वायचा तुकडा होता, पण झेडएफवाय नव्हतंच. मोजकीच माणसं, पण तेवढ्यांनी झेडएफवायला बाद केलं. त्यांच्यात उरलेल्या चिमूटभर भागातून १९९० मध्ये एसआरवाय हाती लागलं. आणि १९९१ मध्ये उंदराचं तेच जनुक एक्सएक्स उंदराच्या भ्रूणात घातल्यावर वृषण तयार झालं, तेव्हा वाद मिटला. तो उंदीर नर झाला खरा, पण त्याच्यात शुक्राणू बनले नाहीत. शुक्राणूंसाठी वायवरची दुसरी जनुकं लागतात. हे मसुद्यात यायलाच हवं.

त्यामुळे तुझ्या तक्त्यात न बसणारा नमुना आला तर 'एरर' म्हणून खोडून टाकू नकोस. आधी नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली का बघ (होते, सगळीकडे होते), मग नव्या नमुन्यावर चाचणी परत लाव. तरीही तसाच आला तर त्यालाच धरून बस.

दुसरं, माणसापासून सुरुवात करू नकोस. ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जातेस ना? त्यांच्यात एसआरवाय नाही. पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रंच वेगळी: नर झेडझेड, मादी झेडडब्ल्यू. कोंबडीत डीएमआरटी१ हे जनुक झेडवर असतं आणि त्याच्या दोन प्रती असल्या की वृषण बनतं. म्हणजे तिथे जनुकाची मात्रा महत्त्वाची. जपानच्या अमामी बेटावरच्या काटेरी उंदरात तर वायही गेला आणि एसआरवायही, तरी नर जन्मतात. हात बसवायला खाडीवरची पिसं गोळा करू नकोस, वनखात्याची परवानगी लागेल. चिकनच्या दुकानातून कोंबडा-कोंबडीचं थोडं मांस आण आणि सीएचडी१ जनुकाची (हे झेड आणि डब्ल्यू दोन्हींवर असतं, पण थोड्या वेगळ्या लांबीचं) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी, लाव. नराचा एक पट्टा येतो, मादीचे दोन. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ते स्वच्छ दिसेपर्यंत माणसाच्या रक्ताला हात नको.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. सोळा-सतरा वर्षांची मुलगी पाळी न आल्यामुळे येते आणि कॅरिओटाइप (गुणसूत्रांची मोजणी आणि मांडणी) ४६, एक्सवाय निघतो, असं होतं. एक्सवरचं अँड्रोजेन-ग्राहीचं (पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाचं) जनुक बिघडलेलं असलं तर वृषण असूनही शरीर मुलीचंच घडतं. अहवालात '४६, एक्सवाय' एवढंच लिहायचं. 'पुरुष' असा शेरा कधीही नाही. ती मुलगी आहे, तिच्या आईबरोबर समोर बसली आहे. पुढचं बोलणं डॉक्टर आणि समुपदेशक करतील.

आणि अगं, तू कुठे काम करतेस हे कळलं की लग्नकार्यात कोणीतरी बाजूला घेऊन विचारेलच, 'तुमच्याकडे कळतं ना गं, काय आहे ते?' हसण्यावारी नेऊ नकोस. गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने, कुठल्याही रीतीने सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. सरळ 'नाही' म्हण. मावशी रुसली तर रुसू दे.

सुधारलेला मसुदा शनिवारपर्यंत पाठव. नमुने किती आणि कुणाच्या संमतीने घेणार, हे पहिल्या पानावर हवं. नैतिकता समिती तेच आधी वाचते.

तुझ्या बाई