पहिलं ग्रीक नाणं घेण्याआधी

नाणी जमवायची सुरुवात अथेन्सच्या ‘घुबडा’पासून, म्हणजे एका बाजूला अथेना देवी आणि दुसऱ्या बाजूला घुबड असलेल्या प्राचीन नाण्यापासून करताय, उत्तम निवड! ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातली ही चार द्राख्मांची (द्राख्मा म्हणजे तेव्हाचं ग्रीक चलन) चांदीची नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली, त्यामुळे तुलनेला नमुने भरपूर मिळतात. आधी जुन्या लिलावांचे फोटो आणि भाव मनसोक्त पाहा.

नवीन माणूस फक्त झीज बघतो, आणि तिथेच फसतो. ही नाणी हाताने, हातोड्याने ठोकलेली. न झिजलेल्या नाण्यावरही चित्र वाकडं बसलेलं असू शकतं. अथेनाचं नाक चांदीच्या चकतीबाहेर गेलंय का? शिरस्त्राणाचा तुरा बहुतेक नाण्यांवर कापलेलाच असतो. तो पूर्ण दिसला की भाव चढतो. घुबडाशेजारची अथेन्सच्या नावाची तिन्ही अक्षरं (ΑΘΕ) आहेत का? चित्र उमटवायचा कोरीव साचा ताजा होता का, की झिजलेला? पृष्ठभाग खरखरीत तर नाही? माझं मत विचाराल तर थोडं झिजलेलं, पण नीट मध्यावर बसलेलं, देखण्या साच्याचं नाणं केव्हाही घ्यावं.

या चुका टाळा:

- वजन न विचारणं. साधारण 17.2 ग्रॅम हवं. बरंच हलकं असेल, तर चांदीखाली तांबं असू शकतं.
- कड न बघणं. कडेवर जोडाची रेघ दिसली, तर ते ओतीव बनावट समजून सोडून द्या.
- छिन्नीच्या घावाला घाबरणं. चांदी तपासायला प्राचीन काळीच असे घाव घालत. त्याने किंमत उतरते, म्हणून कमी बजेटमध्ये अस्सल नाणं मिळू शकतं.

साच्यांचे बारीक प्रकार आत्ता राहू द्या. अस्सलपणाची लेखी हमी आणि परतीची सोय देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. आवडलेल्या नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो इथे टाका, आपण मिळून बघू.