आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट आणि ७८च्या तबकड्या घरच्या लॅपटॉपवर कशा उतरवून घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की घरीच भरलेल्या कीर्तनाच्या चाळीसेक कॅसेट आहेत, डझनभर ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या) तबकड्या आहेत, आणि यूएसबी वॉकमन कोणता घ्यावा व सॉफ्टवेअर कोणतं वापरावं ते हवंय.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, म्हणजे आवाज रेकॉर्ड आणि दुरुस्त करायचा प्रोग्रॅम. फुकट आहे आणि एवढ्या कामाला पुरून उरतं. यूएसबी वॉकमन मात्र घेऊ नका. त्यातली मोटर आणि फ्लायव्हील (टेपची गती सारखी ठेवणारं चाक) इतकी हलकी असते की लांबवलेला प्रत्येक सूर थरथरतो, आणि ही थरथर नंतर काढणं फार अवघड असतं. त्यापेक्षा ‘लाइन आउट’ (आवाज दुसऱ्या यंत्रात नेण्याची जोडणी) असलेला जुना कॅसेट डेक बघा. नातेवाइकांच्या माळ्यावर सापडतो, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात. घेताना वाजवून बघा. आवाज लाटांसारखा वरखाली होत असेल तर बेल्ट सैल झालाय. तो बदलता येतो. हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बोटाला जाणवेल इतकी खाच पडली असेल तर डेक सोडून द्या.

घरी आणल्यावर हेड आणि कॅप्स्टन (टेप ओढणारी धातूची बारीक दांडी) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. टेप त्या दांडीवर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल लावू नका, रबर कडक होतं. त्याला साबणाचं पाणी, मग साधं पाणी.

कॅसेटचं पहिलं काम म्हणजे मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही छोटे तुकडे मोडणं, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी कीर्तन पुसलं जाणार नाही. मग खिडकीतून टेपचा गुंडाळा बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा, डेकमध्ये घालू नका. हेडवरून ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. कोकणातल्या घरात हे हमखास निघतं. म्हणून हे काम पावसाळ्यात काढूच नये. बाकीच्या कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्या, ताण सारखा होतो.

आवाज दबका येतोय, मधूनच जातोय? तर टेपच्या मागे तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो गळून पडला असणार. गोंद वाळतो. स्क्रूची रिकामी कॅसेट घेऊन दोन्ही गुंडाळे त्यात हलवा. टेपची मंद तपकिरी बाजू बाहेर, म्हणजे हेडकडे, राहिली पाहिजे. टेप तुटली तर सेलोटेप लावू नका, तिचा चिकटा झिरपून शेजारच्या वेढ्याला धरतो. कॅसेटसाठीची स्प्लायसिंग टेप मिळते, ती वापरा.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा ते: ॲझिमथ, म्हणजे हेडचा तिरकेपणा. कॅसेट भरणाऱ्या यंत्राचं हेड आणि तुमच्या डेकचं हेड केसभर वेगळ्या कोनात असलं तरी टाळांची चमक जाते आणि सगळं रजई पांघरल्यासारखं ऐकू येतं. हेडशेजारचा, खाली स्प्रिंग असलेला स्क्रू वाजत्या कॅसेटवर हळूहळू फिरवा, एका वेळी अष्टमांश फेरा. टाळ सर्वांत लखलखीत वाजतील तिथे थांबा. घरगुती टेपरेकॉर्डर बहुधा मोनो (डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज) असायचे, त्यामुळे पडताळाही सोपा आहे: दहा सेकंद रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत लाट मोठी करून बघा. डाव्या-उजव्या लाटेची शिखरं एकाखाली एक आली की जमलं. मग दोन्ही बाजू मिसळून मोनो करा, खरखर थोडी कमीच होते.

जोडणी. लॅपटॉपचं एकुलतं एक भोक हेडफोन-माइकचं असतं. त्यात डेक जोडला तर आवाज मोनो येतो आणि फाटतो. आरसीए (लाल-पांढऱ्या पिना लागणारं) लाइन इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेक आणि लॅपटॉप जोडणारी छोटी पेटी, घ्या, बेहरिंगरच्या यूसीए २०२सारखा साधाही चालेल. विंडोजमधली ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबते. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट कॅसेटला पुरे. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. गजर सुरू झाला की टाळ आधी फाटतात, त्यामुळे पातळी निरूपणावर नाही, गजरावर लावा. मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे सी-६० (साठ मिनिटांच्या) कॅसेटला ६०० एमबी आणि चाळीस कॅसेटना २४ जीबी. वेळ मात्र कॅसेट जितकी तितकाच लागतो.

गती तपासायला बाजाची पेटी आहेच. बुवा काळी दोनमध्ये गायचे हे घरात माहीत असेल आणि फाइल काळी दोन व पांढरी तीनच्या मध्ये वाजत असेल, तर गती साधारण ३ टक्के जास्त आहे. सगळ्याच कॅसेट तशा वाजल्या तर दोष डेकच्या मोटरचा. एखादीच चढी वाजली तर ती उतरलेल्या बॅटरीवर भरलेली असणार. ती ऑडॅसिटीत गती बदलून दुरुस्त करा; नुसती पट्टी बदलू नका, लय चुकीची राहील.

ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शनचा, म्हणजे खरखर काढण्याच्या सोयीचा, मोह आवरा. तो सलग चालणाऱ्या आवाजाला खरखर समजतो, आणि आपल्याकडे सलग चालणारा आवाज म्हणजे तंबोरा. खरखरीचा नमुना तंबोरा लागण्याआधीच्या कोऱ्या टेपवरून घ्या आणि ६ डेसिबलवर थांबा. १२-१५ केलंत की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल न छेडता वेगळ्या डिस्कवर ठेवा, जे काही करायचं ते प्रतीवर.

तबकड्यांचं थोडक्यात. ७८ला जाड, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीची ०.७ मिलची सुई खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर उचलते. पुसायला अल्कोहोल कधीच नको, या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख त्यात विरघळते. पाण्याने किंचित ओलसर केलेलं मऊ कापड पुरे, आणि मधला कागद कोरडा ठेवा. टर्नटेबलवर ७८ची गती नसेल तर ४५वर वाजवून घ्या आणि ऑडॅसिटीच्या गती बदलण्याच्या खिडकीत ४५वरून ७८ निवडा. टर्नटेबल आणि इंटरफेसच्या मध्ये फोनो प्रीॲम्प (सुईचा बारीक आवाज वाढवणारी पेटी) हवाच, नाहीतर आवाज बारीक आणि किरटा येईल. काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, मागचं बटण बघून मगच वेगळा विकत घ्या.