पाटी वाचू नका, आज काय बनलं ते विचारा

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याहून बदली होऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला आलात, घरी अजून गॅस नाही, सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. कोपऱ्यावर एक भोजनालय आहे, पाटीवर पन्नास पदार्थ, आत कधी गर्दी तर कधी कोणीच नाही. आठवड्यातल्या मधल्याच एखाद्या दिवशी रात्री तिथे साधं जेवायला जावं का, आणि गेलं तर मागवावं काय?

जा, बिनधास्त जा. माझं काम बियाण्यांचं. दारव्हा, आर्णी, पुसद, उमरखेड, घाटंजी असं फिरणं वर्षभर चालूच असतं आणि रात्रीचं जेवण बहुतेक बाहेर होतं. आमच्याकडच्या छोट्या भोजनालयांना लोक उगाच नावं ठेवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथला स्वयंपाक साजरा, म्हणजे चांगलाच, असतो. बहुतेक वेळा बिघडतं ते मागवण्यात.

पाटीवरचे पनीरचे दहा प्रकार बघा. त्या सगळ्यांची ग्रेव्ही बहुधा एकच असते, कांदा-टमाटरची, सकाळी करून ठेवलेली. तालुक्याच्या गावात मंगळवारी रात्री पनीर मागणारं गिऱ्हाईक असतं तरी किती? मग ते पनीर फ्रीजमध्ये पडून राहतं आणि नेमकं तुमच्या ताटात येतं. वरण, भात, पोळ्या आणि एक-दोन भाज्या मात्र रोज ताज्या होतात, कारण मालकाच्या घरचे आणि काम करणारी पोरं तेच जेवतात.

म्हणून बसण्याआधी गल्ल्यापाशी उभं राहून दोन गोष्टी विचारा. पहिली, ‘महिन्याचे डबे देता का?’ डबे जात असतील तर निर्धास्त व्हा. शाळेतले सर, बँकेतली एकटी राहणारी मुलं रोज तेच खातात, त्यामुळे तेल-तिखट बेतानं पडतं, आणि एक दिवस जेवण बिघडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दहा जण जाब विचारतात. भिंतीवर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर लावलेला असावाच, पण माझा जास्त भरवसा या डब्यांवर आहे.

दुसरी, ‘भाऊ, आज काय बनलं?’ असं विचारलं की आतून खरं उत्तर येतं: ‘वांगे हाये, मुंगाची दाळ हाये, बसा, पोया गरम टाकून देतो.’ तेच घ्या. थंडीत आलात तर वांग्यात तुरीचे ओले सोले, म्हणजे हिरवे दाणे, पडतात. ती भाजी आणि ज्वारीची भाकर ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी दुसरं काही बघूच नका. भाकर रोज असेलच असं नाही, आधी सांगितलं तर कुठलीही मावशी थापून देते. काहीच जमत नसेल तर बेसन मागा. तुम्ही पिठलं म्हणता ते. ते आधी करून ठेवत नाहीत, तुमच्यासमोर कढईत पडतं.

जेवण येईपर्यंत कांद्याकडे लक्ष ठेवा. तुम्ही बसल्यावर विळी किंवा सुरीचा आवाज आला आणि कांदा पाणीदार, पांढराशुभ्र आला तर आतला माणूस कामाला चोख आहे. कडा सुकलेल्या, वास मारणाऱ्या फोडी आल्या तर तो दुपारचा कांदा. मग रश्श्याच्या भाज्या टाळून वरण-भातावर भागवा. वरणही बघून घ्या. ताजं वरण पळीतून सलग धारेनं पडतं. दोनदा गरम केलेलं घट्ट होतं, वर साय धरल्यासारखा थर येतो आणि त्याला फोडणीचा वेगळा असा वास उरत नाही. पाणी जारचं आहे का तेवढं विचारून घ्या.

मुलीचं तिखट ही खरी काळजी आहे. ‘कमी तिखट करा’ म्हणून आमच्याकडे फारसा उपयोग होत नाही, कारण मसाला आधीच परतलेला असतो आणि आमचं कमी तेच तुमचं जास्त. ‘लहान पोरगी आहे, फोडणी द्यायच्या आधीचं वरण काढून ठेवा,’ असं स्पष्ट सांगा. त्यावर तूप, लिंबू आणि गरम भात. लहान मुलाचं नाव काढलं की कोणी नाही म्हणत नाही, उलट घरातलं दही आणून देतील.

सावजीच्या पाट्या आता प्रत्येक रस्त्यावर दिसतील. ही मूळची नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या, म्हणजे विणकरांच्या घरची रांधण. खसखस, सुकं खोबरं, धणे आणि खडे मसाले काळपट होईपर्यंत भाजून केलेला वाटण-मसाला आणि वर लाल तर्री. पाटी लावली म्हणून तो हात येत नाही. पहिल्याच रात्री मुलीला घेऊन तिकडे जाऊ नका. तुम्ही दोघं नंतर जा, तर्री बाजूला काढायला सांगा आणि पोळीपेक्षा भाताशी खा.

मांसाहार करत असाल तर वार बघा. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार बरेच लोक पाळतात, श्रावणात तर विचारूच नका. त्या दिवशी खप नसतो, म्हणून चिकन कालचं असण्याची भीती. बुधवार, शुक्रवार, रविवार आणि गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी भरतो तो दिवस, यांतलंच ठरवा. भाजीसुद्धा बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उत्तम असते.

कुटुंब असल्यामुळे साडेसात ते आठच्या दरम्यान पोचा. नऊनंतर काही ठिकाणी, विशेषतः गावाबाहेरच्या ढाब्यांवर, पिणाऱ्यांची बैठक जमते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, आपल्या यवतमाळात नाही. गावातली भोजनालयं साडेनऊलाच चूल आवरायला लागतात, मग उरलंसुरलंच वाट्याला येतं. थाळीत पोळ्या किती, जास्तीच्या पोळीचे वेगळे पैसे का, हेही आधीच विचारा. यात कोणी राग मानत नाही.

आणि एकदा ओळख झाली, जेवण पटलं, की रविवारच्या मटणासाठी सकाळीच फोन करा. किती माणसं, तिखट किती, भाकरी की पोळ्या, एवढं सांगा. तेवढ्याच माणसांचं मटण आणून तेवढंच शिजवतात.