ठरीव रुंदी, लवचिक रुंदी आणि ‘पन्हा’

प्रश्न : नांदेडच्या एका शिक्षिका विचारतात, वेबपानं घडवायला शिकवणाऱ्या मराठी टिपणांत ‘फिक्स्ड विड्थ’ला ‘स्थिर रुंदी’ आणि ‘फ्लेक्सिबल विड्थ’ला ‘लवचिक रुंदी’ म्हटलं तर चालेल का? ‘पन्हा’ वापरता येईल का?

उत्तर : ‘स्थिर’ नको. स्थिर म्हणजे न हलणारं, आणि सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, ‘पोझिशन : फिक्स्ड’ ही वेगळीच गोष्ट आहे. पान सरकवलं तरी जागची न हलणारी पट्टी तिनं होते. 300 पिक्सेल रुंदीचा खोका (पानावरचा मजकुराचा किंवा चित्राचा चौकोन) मात्र पानाबरोबर खुशाल वर सरकतो, फक्त त्याचं माप ठरलेलं असतं. म्हणून ‘ठरीव रुंदी’ म्हणा.

‘पन्हा’ सुरेख शब्द आहे. मूळ फारसी, अर्थ रुंदी. पैठणच्या मागावर फणी बसली की पन्हा ठरला, पुढं विणकर कितीही लांब विणो. ठरीव रुंदी समजावताना हा दाखला जरूर द्या. पण ‘लवचिक पन्हा’ कानाला खटकतं, कारण पन्हा ताणता येतच नाही. शिवाय तो कापडाचाच शब्द. संज्ञा म्हणून ‘रुंदी’च बरी.

खरी गोची ‘लवचिक’मध्ये आहे. त्या एका शब्दाखाली दोन वेगळे हिशेब येतात. ‘विड्थ : 50%’ लिहिलं की खोका बाहेरच्या खोक्याच्या निम्मा होतो. ही ‘प्रमाणातली रुंदी’. खोके एका ओळीत मांडणाऱ्या ‘फ्लेक्स’ पद्धतीतला ‘फ्लेक्स-ग्रो’ मात्र ओळीत उरलेल्या जागेची वाटणी करतो, त्याला ‘वाटा’ म्हणा. समजा ओळ 1000 पिक्सेलची आहे आणि तीत 200-200 चे दोन खोके आहेत. उरले 600. वाटे 1 आणि 2 दिले, तर एकाला 200 आणि दुसऱ्याला 400 जादा मिळतात, म्हणजे खोके 400 आणि 600 चे होतात. दुसरा पहिल्याच्या दुप्पट का झाला नाही, असं मुलं हमखास विचारतात. वाटणी सगळ्या ओळीची नसते, उरलेल्याची असते. शेतीतली वाटणी पाहिलेल्या मुलाला हे चटकन कळतं.

इथंच ‘ठरीव’चीही कसोटी लागते. फ्लेक्स ओळीत 200 पिक्सेल लिहूनही दाटी झाली की खोका आकसतो, कारण ‘फ्लेक्स-श्रिंक’ (आकसण्याचा वाटा) न लिहिताही 1 धरला जातो. तो 0 केला की माप टिकतं.

‘मॅक्स-विड्थ’ला ‘कमाल रुंदी’ आहेच. 960 पिक्सेलची ठरीव रुंदी 360 पिक्सेलच्या मोबाइलवर मावत नाही, पान आडवं सरकवावं लागतं. त्याऐवजी रुंदी 100% आणि कमाल रुंदी 960 ठेवावी. त्यात दोन्ही बाजूंना 20-20 पिक्सेलचं पॅडिंग (खोक्याच्या आतली मोकळी जागा) असेल तर ते रुंदीतच धरायला सांगणारं ‘बॉक्स-सायझिंग : बॉर्डर-बॉक्स’ही लिहावं, नाहीतर मोबाइलवर 40 पिक्सेल बाहेर लोंबतात.